‘दिवाणी स्वरूप’ असा शेरा मारण्याआधी तपास करा : पोलीस महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, महाराष्ट्र शासन

महोदय,

‘आपल्या तक्रारी अर्जाची चौकशी केली असता सदर प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे दिसून येते. तरी आपण योग्य त्या न्यायालयात दाद मागावी.’ अशा आशयाचे समजपत्र मला आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यातून मिळाले आणि तेवढ्यावर माझा अर्ज दप्तरी दाखल झाला, म्हणजे बंद झाला. हेच उत्तर, जवळपास याच शब्दांत, ठाणे जिल्ह्यातल्या आणखी काही कुटुंबांच्या हाती आहे. आम्हा सगळ्यांकडून घराच्या नूतनीकरणासाठी पैसे घेऊन गेलेला कॉन्ट्रॅक्टर एकच. ठाणी मात्र वेगवेगळी, त्यामुळे प्रत्येक अर्ज एकटा पडला आणि एकटाच फेटाळला गेला.

माझी तक्रार एखाद्या अंमलदाराविरुद्ध नाही. त्यांच्यावर कामाचा किती बोजा असतो ते ठाण्यातल्या बाकावर बसून पाहिले आहे. तक्रार आहे ती पद्धतीविरुद्ध. फसवणुकीचा गुन्हा सिद्ध व्हायला ज्या गोष्टी शोधाव्या लागतात, त्या शोधण्याआधीच हा गुन्हा नाही असे ठरवले जाते.

आधी आमच्या घरात काय झाले ते सांगते. माझ्या आईचे खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झाले. आईवडिलांचा फ्लॅट जुना, न्हाणीघराला उंच उंबरठा, फरशी निसरडी, संडास भारतीय पद्धतीचा. वॉकर घेऊन तिथे जाणे अशक्य होते. म्हणून न्हाणीघर नव्याने बांधायचे, भिंतीला धरायला दांडे लावायचे, गळतीसाठी वॉटरप्रूफिंग करायचे आणि त्याच सुमारास स्वयंपाकघराचा मोडकळीला आलेला ओटाही बदलायचा असे ठरले. कोटेशन ९ लाख ४० हजारांचे झाले. दहा टक्के टोकन, काम सुरू होताना चाळीस टक्के, बाकीचे टप्प्याटप्प्याने. वडिलांनी पोस्टातली ठेव मुदतीआधी मोडली. टोकनचे ९४ हजार आणि सुरुवातीचे ३ लाख ७६ हजार गेले. पुढे ‘प्लाय आणि फिटिंग बुक करायचंय, भाव वाढताहेत’ असे सांगून आणखी २ लाख १० हजार घेतले. एकूण ६ लाख ८० हजार, सगळे बँकेतून, एक रुपयाही रोखीने नाही.

त्या बदल्यात घरात काय झाले? न्हाणीघराच्या टाइल्स फोडल्या, संडासाचे भांडे उखडले, ओटा तोडला, नळाच्या लाइनी कापल्या. डेब्रीची पोती जिन्यात रचून ठेवली. त्यानंतर कोणी आले नाही. फोनवर आधी ‘साईटवर आहे’, मग ‘गावी मयत झालंय’, मग काहीच नाही. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझी आई वॉकर टेकत शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात जात होती. शेजारी चांगले म्हणून निभावले.

ठाण्यात मला पहिला प्रश्न विचारला गेला : ‘मॅडम, काम सुरू केलं होतं ना त्याने? मग फसवणूक कशी?’

या प्रश्नावर मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण बहुतेक अर्ज याच प्रश्नापाशी मरतात.

घरदुरुस्तीत तोडफोड हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात झटपट होणारा भाग. दोन मजूर, दोन घण, एक छिन्नी, एवढ्यात दोन दिवसांत न्हाणीघर आणि स्वयंपाकघर जमीनदोस्त होते. माल लागत नाही, कारागीर लागत नाही. पण एकदा ओटा तुटला, पाणी बंद झाले की घरमालकाला मागे फिरता येत नाही. दुसरा कॉन्ट्रॅक्टर अर्धवट तोडलेल्या कामाला सहजी हात लावत नाही. लावलाच तर नव्याने पूर्ण भाव सांगतो. अशा वेळी पहिला माणूस ‘आणखी दोन लाख टाका, परवा माल येतो’ म्हणाला की घरातली माणसे पैसे देतात, दुसरा मार्ग दिसत नाही म्हणून देतात. ज्याला फसवायचेच आहे त्याच्यासाठी तोडफोड हा खर्चच नव्हे. पुढचा हप्ता काढून घेण्याची ती तजवीज असते. म्हणून ‘काम सुरू केले होते’ एवढ्यावरून त्याचा हेतू प्रामाणिक होता असे मानणे चुकीचे आहे. उलट तोडफोड करून, पुढचा हप्ता घेऊन, मालाची एकही वस्तू न आणता माणूस निघून जातो तेव्हा तपासाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

कायदा याबाबत मुका नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत फसवणुकीची व्याख्या करणाऱ्या कलम ४१५ खाली एक उदाहरण दिले होते. नीळ पुरवतो असे सांगून कोणी आगाऊ पैसे घेतले आणि पैसे घेतानाच त्याच्या मनात नीळ द्यायची नसेल, तर ती फसवणूक. पैसे घेताना द्यायची होती, नंतर दिली नाही, तर तो करारभंग. त्यासाठी फक्त दिवाणी दावा. आज ती व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे आणि अशा फसवणुकीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य (२०००) या निकालात हीच सीमारेषा सांगितली : हेतू पाहायचा तो सुरुवातीचा. तो हेतू पुढच्या वागण्यावरून ताडता येतो, पण केवळ पुढचे वागणे ही एकमेव कसोटी नाही. त्याआधी राजेश बजाज खटल्यात (१९९९) न्यायालयाने म्हटले होते की व्यवहार व्यापारी आहे एवढ्याच कारणाने त्यात फसवणूक नाही असे धरता येत नाही.

म्हणजे ‘दिवाणी की फौजदारी’ या प्रश्नाचे उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे : पैसे घेतले त्या दिवशी त्याला काम करायचे होते का? मनातले कोणाला दिसत नाही, हे खरे. पण मनातल्याचे ठसे बाहेर उमटतात आणि ते ठसे गोळा करणे यालाच तपास म्हणतात. माझ्या प्रकरणात काय काय होते पाहा.

कोटेशनवर १८ टक्के जीएसटी लावला होता, खाली नोंदणी क्रमांक छापलेला. जीएसटीच्या पोर्टलवर तो कोणालाही तपासता येतो. ती नोंदणी आमचा करार होण्याच्या आधीच रद्द झालेली होती. म्हणजे ज्या कागदावर विश्वास ठेवून आम्ही पैसे दिले, त्यातली माहिती त्या दिवशीच खोटी होती. ७१० ग्रेडच्या वॉटरप्रूफ प्लायचे बिल म्हणून त्याने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला आणि त्यावर २ लाख १० हजार मागितले. मी त्या दुकानात गेले. दुकानदाराने बिलबुक काढून दाखवले : तो क्रमांक दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा होता. त्याच्या ‘पूर्ण केलेल्या साईट’ म्हणून जे फोटो आम्हाला दाखवले होते, त्यांतले एक स्वयंपाकघर ज्या कुटुंबाचे आहे त्यांनी त्या माणसाचे नावही ऐकलेले नव्हते. हे सगळे मी अर्जासोबत जोडले. समजपत्रात यातल्या एकाचाही उल्लेख नाही.

आणखी एक माणूस होता ज्याला कोणी विचारलेच नाही. आमच्याकडे तोडफोडीला आलेला मिस्त्री, उत्तर प्रदेशातला, कुटुंब गावी. त्याची मजुरी बुडाली म्हणून तो आमच्याच दारात चौकशी करत आला. त्याने सांगितले की त्याला पहिल्या दिवशीच बजावले होते, इथे फक्त तोडायचे आहे, मग दुसऱ्या साईटवर जायचे आहे. तिथेही तोडायचेच होते. तो जबाब द्यायला तयार होता. पैसे घेतले तेव्हाच काम करायचे नव्हते हे सांगणारा याहून जवळचा साक्षीदार कुठला? त्याचे नाव आणि मोबाइल नंबर मी ठाण्यात लिहून दिले. त्याला एकदाही बोलावले गेले नाही, आणि आता तो गावी गेला आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येते.

एका घरात पाहिले तर प्रत्येक गोष्टीला काही ना काही सबब देता येते. माल उशिरा आला, मजूर पळाले, आजारपण आले, दुसऱ्या साईटवर पैसे अडकले. हीच सबब, हाच क्रम, हेच खोटे बिल पाच-सहा घरांत सापडले की मग ती अडचण राहत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्ये यासाठीच तरतूद आहे. कलम १२ मनाची अवस्था दाखवणाऱ्या गोष्टींबद्दल आहे. कलम १३ म्हणते की एखादे कृत्य अपघाताने झाले की जाणूनबुजून, हा प्रश्न असेल तिथे तशाच घटनांची मालिका पुराव्यात घेता येते. १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यातही ही तरतूद होती आणि तिथले उदाहरण बोलके आहे : विम्याच्या पैशांसाठी स्वतःचे घर जाळल्याचा आरोप असलेला माणूस एकामागून एक अनेक घरांत राहिला, प्रत्येकाचा विमा उतरवला, प्रत्येकाला आग लागली आणि प्रत्येक वेळी पैसे मिळाले. एका आगीवरून काही सिद्ध होत नाही, सगळ्या आगी मिळून होते.

आमच्या बाबतीत ही मालिका एकत्र कोणी केली? आम्हीच. एका कुटुंबाने दुसऱ्याला शोधले, दुसऱ्याने तिसऱ्याला. ज्या आठवड्यात आमच्याकडे ‘मजूर नाहीत’ असे सांगितले जात होते, त्याच आठवड्यात त्याने दुसऱ्या घरातून टोकन घेतले होते. ते कुटुंब आमच्याआधीच त्यांच्या ठाण्यात गेले होते. त्यांचा अर्ज ‘दिवाणी’ ठरून बंद झाला होता, गुन्हा म्हणून कुठेच नोंदला गेला नव्हता, म्हणून आमच्या ठाण्याला त्याचा पत्ता नव्हता. आणि आम्ही तो कागद नेऊन दाखवला तेव्हा उत्तर आले, ‘ती आमची हद्द नाही.’ हेतू सिद्ध करणारा पुरावा हद्दीच्या रेषांनी कापला गेला. तो माणूस मात्र कुठल्याच हद्दीत अडकला नाही.

दुसरी गोष्ट. ठाण्यात आम्हाला वारंवार सांगितले गेले, ‘पुरावा आणा.’ माझ्याकडे जे होते ते मी आणले. पण हेतूचा सगळ्यात भक्कम पुरावा आरोपीच्या बँक खात्यात असतो. आमचे पैसे आले त्या दिवशी ते कुठे गेले? प्लायवाल्याला, टाइल्सच्या दुकानाला, मिस्त्रीला गेले असतील तर तो कॉन्ट्रॅक्टर अडचणीत सापडलेला आहे. त्याच दिवशी नातेवाइकाच्या खात्यात वळले किंवा एटीएममधून निघाले असतील तर गोष्ट निराळी आहे. हा उतारा मला कुठलीही बँक देणार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ तो मागवण्याचा अधिकार आपल्या अधिकाऱ्याला देते. जो पुरावा मिळवण्याचा अधिकार फक्त पोलिसांना आहे, तो आणला नाही म्हणून तक्रारदाराला परत पाठवणे कोणत्या न्यायात बसते?

पैसे यूपीआयने गेले म्हणून मी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनचाही विचार केला. पण हा सायबर गुन्हा नाही, समोरासमोरचा व्यवहार आहे, असे सांगण्यात आले. मोबाइलवरून अनोळखी माणसाने पैसे लुबाडले तर खाते गोठवायला तासांत हालचाल होते, तेच चहा पिऊन, घराची मापे घेऊन, करारावर सही करून लुबाडले तर खाते कोणी उघडूनही पाहत नाही.

दुसरी बाजू मला ठाऊक आहे आणि ती मी टाळणार नाही. दिवाणी वादांना फौजदारी रूप देऊन पोलिसांकरवी वसुली करून घेण्याच्या प्रवृत्तीवर सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा ताशेरे ओढले आहेत. २००६ च्या इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी निकालातही ती चिंता आहे आणि अलीकडे उत्तर प्रदेशातल्या प्रकरणांवर न्यायालय फार कडक बोलले आहे. ते योग्यच आहे. रंगाची छटा पटली नाही, ट्रॉली नीट सरकत नाही, महिनाभर उशीर झाला, म्हणून कोणी कॉन्ट्रॅक्टरला ठाण्यात बसवून ठेवावे हे मलाही मान्य नाही. या धंद्यात कर्ज काढून मजुरी भागवणारी, गिऱ्हाइकाने शेवटचा हप्ता बुडवला म्हणून रडकुंडीला आलेली प्रामाणिक माणसे मोठ्या संख्येने आहेत. पण त्यांना वाचवणारी गोष्टही तपासच आहे. खरा अडचणीत आलेला कॉन्ट्रॅक्टर खात्याचा उतारा आणि मालाची खरी बिले दाखवून मोकळा होईल. न्यायालयाने तपासाशिवाय गुन्हेगार ठरवू नका असे म्हटले आहे. तपासाशिवाय निर्दोष ठरवा असे कुठेही म्हटलेले नाही.

‘ग्राहक आयोगात जा’ हा सल्ला सगळेच देतात. गेले आहे. २०१९ च्या कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आमच्यासारख्याला थोडे आहे, या सगळ्या चांगल्या सोयी आहेत. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिन्यांची अपेक्षा लिहिलेली आहे, पण तारखांचा अनुभव ज्याने घेतला त्याला ते वाचून वाईटच वाटेल. आणि आयोग नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो. त्या माणसाला पुढच्या घराच्या टाइल्स फोडण्यापासून तो प्रत्यक्षात थांबवू शकत नाही. आमच्या घरांचे उंबरे उखडले जात असताना तो आणखी टोकन घेतो आहे, हे मला त्यातल्या एका कुटुंबाकडून कळले आहे.

दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज करण्याचा मार्गही आहे. त्यासाठी आधी आपल्या वरिष्ठांकडे जावे लागते, मग प्रतिज्ञापत्र, मग वकील. ६ लाख ८० हजार गमावलेल्या निवृत्त माणसाला आणखी पन्नास-साठ हजार घाला आणि तपास विकत घ्या असे सांगण्यासारखे ते आहे.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. अटक करा असे मी म्हणत नाही, पैसे वसूल करून द्या असेही म्हणत नाही.

१. घराच्या नूतनीकरणासाठी आगाऊ रक्कम घेऊन काम सोडल्याची तक्रार ‘दिवाणी’ म्हणून बंद करायची असेल तर कारणे लेखी द्यावीत. पैसे कुठे गेले ते पाहिले का, बिले खरी होती का, मजूर आणि दुकानदारांचे जबाब घेतले का, दिलेली नोंदणी आणि पत्ते खरे होते का, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर असावे आणि खाली सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची सही असावी.

२. असा अर्ज आला की त्या माणसाचा मोबाइल नंबर, पॅन आणि बँक खाते घेऊन राज्यातल्या इतर ठाण्यांत तशीच तक्रार आहे का ते शोधणे बंधनकारक करावे. हा शोध नोंदलेल्या गुन्ह्यांपुरता थांबू नये. दप्तरी दाखल झालेले अर्जही त्यात यावेत. एकाहून अधिक तक्रारी सापडल्या तर एकच तपास अधिकारी नेमावा. इतर सगळ्या मागण्या बाजूला ठेवाव्या लागल्या तरी ही एक ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

३. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत प्राथमिक चौकशी करायची तर ती १४ दिवसांत संपवावी असे त्याच संहितेचे कलम १७३(३) सांगते. ललिता कुमारी खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी स्वरूपाच्या गुन्ह्यांतही आधी चौकशी करायला मुभा दिली आहे, पण त्याच निकालाने ती लांबवत ठेवायला मनाई केली आहे. या अर्जांनाही १४ दिवसांचेच माप लावावे. गुन्हा नोंदल्यावर ९० दिवसांत तपासाची प्रगती तक्रारदाराला कळवण्याचे जे बंधन कलम १९३(३) मध्ये आहे, ते न मागता पाळले जावे.

४. खात्यात काही शिल्लक असेल तर ती लगेच गोठवावी. गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता जप्त करून न्यायालयाच्या आदेशाने पीडितांमध्ये वाटण्याची तरतूद याच संहितेच्या कलम १०७ मध्ये आहे. अशा प्रकरणांत ती वापरण्याबाबत स्पष्ट सूचना निघाव्यात.

५. ही मागणी गृह विभागामार्फत शासनाकडे. बिल्डरसाठी महारेरा हे नियामक प्राधिकरण आहे. घरात येऊन भिंती फोडणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरसाठी साधी नोंदणीही नाही. कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या करारात सुरुवातीची रक्कम करारमूल्याच्या दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यांपैकी जी कमी असेल तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. आपल्याकडे निदान नोंदणी, आगाऊ रकमेवर मर्यादा आणि मराठीतला एक नमुना करार एवढे तरी करावे. करारात माल कधी येणार आणि कोणत्या टप्प्याला किती पैसे हे लिहिलेले असले की उद्या तपास अधिकाऱ्यालाही हेतू पारखणे सोपे जाईल.

माझा अर्ज सर्व कागदपत्रांसह आणि व्हॉट्सअॅप संदेशांसाठी लागणाऱ्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार मी टपालाने वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवला आहे. इतर कुटुंबांनीही आपापले अर्ज त्याच पत्त्यावर पाठवले असून सर्वांचा तपास एकत्र व्हावा अशी लेखी संमती दिली आहे. मिस्त्रीचा गावाकडचा पत्ता त्यात आहे. तो आजही जबाब द्यायला तयार आहे. आम्हा सर्वांना या अर्जांवरचा निर्णय कारणांसह लेखी कळवावा.

आपली,
एक तक्रारदार,
ठाणे जिल्हा